ताटाची डावी बाजू

लकव्याच्या पेशंटच्या घरी पहिल्यांदा गेलं की मला दारातच अहवाल मिळतो. हात खांद्यापर्यंत वर जातो, पाय अजून टेकत नाही, अंगठा कालपासून हलायला लागलाय. डोळ्यांना दिसेल ते सगळं घरच्यांनी टिपलेलं असतं. पेशंटला आतून काय वाटतंय, हे मात्र बहुतेक घरांत कुणी विचारलेलं नसतं. तोही आपणहून सांगत नाही. सांगायला गेला की घरचे एकमेकांकडे बघतात, आणि ते बघणं त्याला बरोबर कळतं.

सांगली-मिरज परिसरात मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. मेंदूचे आणि नसांचे आजार हेच माझं काम. व्यायाम शिकवायला जाते आणि निम्मा वेळ ऐकण्यात जातो. माझ्या मते तो निम्माच जास्त कामाचा. ऐकून ऐकून जे पक्कं झालं ते इथे लिहिते. माणसांच्या खुणा बदलल्या आहेत, आजारांच्या नाहीत.

१. माणूस चिडका झाला म्हणण्याआधी त्याचं ताट बघा.

आपल्याकडे ताट वाढायची रीत ठरलेली आहे. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं; उजवीकडे भाजी, आमटी. एका निवृत्त पोस्टमनकाकांना मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सुटले, पण जेवायला बसलं की रोज भांडण. "या घरात चटणी वाढायची पद्धत गेली का?" काकू म्हणायच्या, समोर तर आहे. काका ताटाकडे बघायचे आणि पुन्हा आमटीत भाकरी कुस्करायचे. दाढी उजव्या गालाची गुळगुळीत, डाव्या गालाचे खुंट तसेच. सदऱ्याची डावी बाही लोंबती. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले, चष्म्याचा नंबरसुद्धा बदललेला नव्हता.

डावीकडे लक्ष वळवण्याचं काम उजवा मेंदू करतो, आणि काकांचं तेच बंद पडलं होतं. डावीकडे अंधार आहे असंही त्यांना वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी तिकडे काही नव्हतंच, मग तक्रार कशाची करणार? याचं आणखी विचित्र टोक मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. म्हटलं, काका, डोळे मिटा. सायकलला टपालाची पिशवी आहे, मेन रोडवरून तुमच्या जुन्या बीटातल्या गल्लीत शिरा आणि घरं सांगत चला. धडाधड नावं आली, सगळी उजव्या हाताची. मग म्हटलं, गल्लीच्या टोकाला पोचलात, आता सायकल वळवा आणि परत या. आता आली ती समोरच्या रांगेतली घरं, मघाची जवळजवळ एकही नाही. म्हणजे आठवण शाबूत होती, पण आठवणीत फिरतानासुद्धा डावी बाजू गाळली जात होती.

हा प्रयोग माझा नाही. १९७८ साली बिसियाक आणि लुझाटी या इटालियन संशोधकांनी मिलानच्या रुग्णांना तिथल्या कथीड्रलसमोरचा चौक असाच आठवायला लावला होता, एकदा कथीड्रलकडे तोंड करून आणि एकदा त्याच्याकडे पाठ करून. तिथेही चौक निम्मा निम्माच आला.

काकूंना मी सांगितलं, जेवण अर्ध्यावर आलं की ताट फिरवा. "एवढंच?" म्हणाल्या. एवढंच नाही. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची आणि प्रत्येक ओळ वाचताना तिथपर्यंत नजर न्यायची. डाव्या हाताला रोज चोळायचं. महत्त्वाचं काही सांगायचं असेल तर उजवीकडून सांगायचं, पण गप्पा मारायला मुद्दाम डावीकडे बसायचं. रस्त्यावर कित्येक महिने एकटं सोडायचं नाही, कारण डावीकडून आलेली एसटी त्यांच्यासाठी आलेलीच नसते.

२. "हा हात माझा नाही" असं कुणी म्हटलं तर वाद घालू नका.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार. डावी बाजू पूर्ण गेलेली. मुलाने घाबरून फोन केला, "मॅडम, दादा म्हणतात अंथरुणात धाकट्या काकांचा हात पडलाय, तो उचलून न्या." धाकट्या काकांशी बांधावरून कोर्टात केस चालू, त्यामुळे घरात या वाक्याचे भलतेच अर्थ निघाले होते. बायकोला वाटलं राग डोक्यात गेलाय. शेजारणीला वाटलं करणी.

मी विचारलं, हा हात कुणाचा? "धाकट्याचा." मग तुमचा कुठाय? जरा थांबले, म्हणाले, "असेल की इथंच." बाकी बोलणं चोख. छाटणी कधी घ्यायची, कोणत्या व्यापाऱ्याने मागच्या हंगामात पैसे बुडवले, सगळं बरोबर. घरच्यांना हेच पचत नाही: एवढं कळणाऱ्या माणसाला स्वतःचा हात कसा कळत नाही? त्याला कारण आहे. त्वचा, स्नायू, सांधे आणि डोळे यांच्याकडून आलेली खबर जुळवून मेंदू क्षणोक्षणी ठरवत असतो की हे अंग माझं. ते जुळवणं थांबलं की हात दिसतो, पण आपला वाटत नाही. मग मेंदू त्या हाताला मालक शोधून देतो. अर्धांग गेलंय याचीच जाणीव नसणं, या अवस्थेला १९१४ साली पॅरिसच्या बाबिन्स्कीने अॅनोसोग्नोसिया हे नाव दिलं. तळव्यावर रेघ ओढून पायाचा अंगठा कुठे वळतो हे डॉक्टर बघतात ना, ती तपासणी त्याच माणसाची.

समजावत बसलं की पेशंट आणखी एक गोष्ट रचतो, एवढंच होतं. काही रुग्णांच्या डाव्या कानात थंड पाणी सोडल्यावर त्यांना थोडा वेळ आपला हात आपला वाटतो, असं संशोधकांनी नोंदवलं आहे. हट्ट असता तर तो कानातल्या पाण्याने कशाला सुटला असता? घरी मात्र हे कुणी करू नये. घरी करायचं ते म्हणजे रात्री खाटेला कठडा लावणं. आपला पाय गेलाय हे ज्याला माहीत नाही तो पहाटे सरळ उठून चालायला लागतो. बहुतेकांची ही अवस्था काही आठवड्यांत ओसरते. बागायतदारांचीही ओसरली. केस अजून चालू आहे.

३. घरच्यांना पटत नसेल तर त्यांचाच हात चोरून दाखवा.

यासाठी माझ्या बॅगेत एक रबरी हातमोजा, कापूस आणि चित्रकलेचे दोन ब्रश कायम असतात. मोज्यात कापूस भरून तो टेबलावर ठेवायचा, समोरच्याचा खरा हात पुठ्ठ्याआड. मग मोज्यावर आणि खऱ्या हातावर एकाच वेळी, एकाच बोटावर ब्रश फिरवायचा. थोड्या वेळात पुष्कळांना स्पर्श मोज्यावरच होतोय असं वाटायला लागतं. तेव्हा मी न सांगता मोज्यावर मूठ आपटते. माणूस दचकून खरा हात मागे खेचतो आणि मग बराच वेळ बोलत नाही. १९९८ साली बॉटव्हिनिक आणि कोहेन यांनी हे रबरी हाताचं प्रकरण 'नेचर'मध्ये छापलं होतं. सगळ्यांवर ते चालत नाही. बागायतदारांच्या मुलावर चाललं, बायकोवर नाही. ती म्हणाली, "मला माझा हात कळतो, मी रोज भाकऱ्या थापते."

४. बधिर अंगाला आग लागू शकते.

एका मुख्याध्यापिका बाईंना लकव्याचा सौम्य झटका येऊन गेला. दीड-दोन महिन्यांत चालणं सुधारलं, हात कामाला लागला, नातेवाइकांचे फोन थांबले. आणि तेव्हाच नवीन सुरू झालं. पंख्याचा वारा लागला की डावा दंड भाजायचा. साडीचा काठ घासला, गार पाण्याचा शिंतोडा उडाला, नातीने मिठी मारली, की तोंडातून किंकाळी. त्याच दंडाला मी टाचणी टोचली तर त्यांना धड कळेना. घरच्यांनी यावरून निष्कर्ष काढला: टाचणी कळत नाही आणि वारा लागतो, म्हणजे बाईंना आता लक्ष वेधून घ्यायची सवय लागली.

मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमस नावाचा भाग आहे. शरीराकडून येणारी बहुतेक संवेदना त्यातून पुढे जाते. तिथे किंवा त्या वाटेवर इजा झाली की स्पर्शाची खबर वर पोचत नाही आणि वेदना मात्र बाहेर काही नसताना आतच तयार होऊ लागते. फ्रान्सच्या देजेरिन आणि रूसी यांनी १९०६ साली याचं वर्णन केलं. लकवा होऊन गेलेल्या दर शंभरांत साधारण आठ-दहा जणांना हे भोगावं लागतं, आणि ते बरेचदा आठवड्यांनी किंवा महिन्यांनी सुरू होतं, म्हणजे घरातली सहानुभूती संपल्यावर.

साध्या वेदनाशामक गोळ्या इथे चालत नाहीत. चालतात त्या अमिट्रिप्टिलिन, प्रिगाबालिन अशा. चिठ्ठी घेऊन बाई दुकानात गेल्या, तिथे कुणीतरी सांगितलं की यातली एक नैराश्याची आहे आणि दुसरी फिटची. बाईंनी दोन्ही कपाटात ठेवून दिल्या. "मला वेडी ठरवलं ना सगळ्यांनी?" नसांच्या वेदनेवर याच गोळ्या देतात, डोस आणि हेतू वेगळा, हे समजावण्यात माझी एक अख्खी भेट गेली आणि ती वाया गेली असं मी मानत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी देताना दोन वाक्यं जास्त बोलायला काय हरकत आहे, हा माझा जुना राग आहे.

वेदना पूर्ण गेली नाही. लांब बाह्यांचं मऊ सुती झंपर, कोमट पाणी, पंख्याची दिशा आणि गोळ्या, एवढ्यावर बाई शाळेच्या संमेलनाला जाऊ लागल्या. नातीला त्यांनी उजव्या बाजूने मिठी मारायला शिकवलं.

५. देवासमोर डोळे मिटल्यावर तोल जातो का, ते विचारा.

जयसिंगपूरचे एक किराणा दुकानदार मला म्हणाले, "ताई, देव कोपलाय. देवघरात डोळे मिटून हात जोडले की मी पुढंच जातो." तोंडाला साबण लावल्यावरही तसंच, बेसिन धरून ठेवायला लागायचं. दुकानात उभे असताना काही नाही. फक्त जमीन गादीसारखी लागते म्हणायचे. त्यांना डोळे मिटायला लावून मी पायाचा अंगठा हळूच वर-खाली केला आणि दिशा विचारली. उत्तरं निव्वळ अंदाजपंचे.

आपले हातपाय या क्षणी कुठे आहेत ही खबर स्नायू आणि सांध्यांकडून मज्जारज्जूच्या मागच्या अंगाने मेंदूला सतत जात असते. पाच ज्ञानेंद्रियांत हिची गणती नाही. त्यामुळे ती हरवली तर काय हरवलं हे पेशंटला सांगताच येत नाही. डोळे उघडे असेपर्यंत नजर ती उणीव भरून काढते. एकोणिसाव्या शतकातला जर्मन डॉक्टर रोम्बर्ग याची साधी तपासणी घालून गेला: पाय जुळवून उभं राहा आणि डोळे मिटा. आपल्याकडे ती देवघरात आपोआप होते. दुकानदारांचं बी-१२ फारच खाली निघालं. घराणं शाकाहारी, दुधाची नावड, वर मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, आणि ते औषध बी-१२चं शोषण कमी करतं. इंजेक्शनं सुरू झाली, तोल सुधारला. उशीर झाला असता तर मज्जारज्जूची सगळी हानी भरून आली नसती.

ही आतली खबर पूर्णच गेली तर काय होतं? इंग्लंडचे इयन वॉटरमन हे याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. १९७१ साली, १९ वर्षांचे असताना, एका तापाच्या आजारानंतर त्यांचा मानेखालचा स्पर्श आणि ही खबर कायमची गेली. स्नायूंत ताकद होती, ऊन-गार कळत होतं, दुखतही होतं. पण हात सांगितल्याशिवाय कुठेही भरकटायचे आणि उठून बसणंसुद्धा जमेना. पुढे त्यांनी नजरेने शरीर चालवायला शिकून घेतलं. प्रत्येक पाऊल बघून, ठरवून टाकायचं, जन्मभर. दिवे गेले की ते कोसळायचे. न्यूरोफिजिऑलॉजिस्ट जोनाथन कोल यांनी १९९१ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. माझ्या पेशंटना मी ही गोष्ट सांगते ती लोडशेडिंगसाठी. नसांचा आजार असलेल्या घरात रात्री बाथरूमच्या वाटेवर पायाखालचं दिसेल असा दिवा हवा, आणि तो इन्व्हर्टरवर हवा.

६. मधुमेह असेल तर चप्पल साक्षीदार आहे.

मी विचारते, चप्पल पायातून सुटून मागे राहिली आणि तुम्ही तसेच पुढे गेलात, असं कधी झालंय का? हो म्हणणारे पुष्कळ, आणि सगळे हसत सांगतात. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्याचं ते लक्षण असतं. वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातलेले तळवे मी पाहिलेत. माणसाला फोड कळले ते घरी येऊन, लादीवर ओले ठसे उमटल्यावर. भक्तीला माझी ना नाही, पायमोजे घाला. रोज रात्री तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. कुष्ठरोगाने बोटं झडतात असं पिढ्यान्पिढ्या मानलं गेलं. प्रत्यक्षात तिथेही नसा बधिर होतात आणि न कळलेल्या जखमा, भाजणं, त्यांतला जंतुसंसर्ग बोटं घेऊन जातात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिलं.

७. कंपवातात थरथर सोडून बाकीचं विचारा.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली ज्या निबंधात या आजाराचं वर्णन केलं, त्यात त्याने ज्ञानेंद्रियं आणि बुद्धी शाबूत राहतात असं लिहून ठेवलं. सहा जणांवरून त्याने ते लिहिलं होतं, आणि त्यातले काही त्याने रस्त्यात पाहिलेले. रस्त्यात दिसणार ती थरथर आणि ओणवी चालच. आत काय चाललंय हे रस्त्यावरून कसं दिसावं?

आत पुष्कळ चाललेलं असतं. कित्येकांचा वास हात थरथरण्याच्या बरीच वर्षं आधी जातो. एका काकूंना फोडणी करपलेली कळेनाशी झाली, तेव्हा सुनेने ती निष्काळजीपणाच्या खात्यावर टाकली. वास इतरही कारणांनी जातो, त्यामुळे यावरून कुणी लगेच घाबरू नये, पण न्यूरॉलॉजिस्टला सांगावं जरूर.

मग आवाज. माझ्याकडे एक कीर्तनकार बुवा आहेत. आयुष्यभर लाऊडस्पीकरशिवाय पटांगण गाजवलेलं, आणि आता त्यांच्या पत्नी शेजारी बसून "काय म्हणालात?" विचारतात. बुवांचं म्हणणं, "मी ओरडतोय आणि हिला ऐकू येत नाही." बाईंचे कान तपासले, ठीक. मग मी त्यांचं बोलणं मोबाइलवर घेतलं आणि त्यांनाच ऐकवलं. बुवांनी दोनदा ऐकलं. "हा मी?" स्वतःच्या आवाजाचं मेंदूतलं माप या आजारात बिघडतं, पुटपुटणं साधं बोलणं वाटतं आणि साधं बोलणं ओरडणं. म्हणून व्यायामही उलटा द्यावा लागतो: आपण ओरडतोय असं वाटेल तेवढं बोला, लोकांना तेच नेहमीचं वाटेल. बुवांना याची लाज वाटायची. घरात ओरडायचं? शेवटी देवापुढे बसून आरत्या खड्या आवाजात म्हणायचं ठरलं, तिथे कुणाची हरकत नव्हती. पाऊल आणि अक्षर यांचंही माप असंच लहान होत जातं. चालताना पाय जमिनीला चिकटले की बुवा तोंडातल्या तोंडात टाळाचा ठेका धरतात आणि पाय सुटतो. ताल बाहेरून मिळाला की मेंदूला दुसरी वाट सापडते, हे आता अभ्यासांनीही दाखवलंय.

एका भेटीत बाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, यांना संध्याकाळी ओसरीवर मुलं खेळताना दिसतात. आणि पाठीशी कुणीतरी उभं आहे असं सारखं वाटतं. तोवर घरात पितृशांती होऊन गेली होती. या आजारात असे भास पुष्कळांना होतात, कधी आजारामुळे, कधी गोळ्यांच्या प्रमाणामुळे. ते डॉक्टरांना सांगायचे. गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, त्यात जिवाला धोका असतो. बुवांना मी सरळ विचारलं. ते म्हणाले, "ती पोरं खरी नाहीत हे मला ठाऊक आहे. गप्प खेळतात बिचारी. मला त्यांचा त्रास नाही, या घरातल्या कुजबुजीचा आहे."

८. फिट येण्याआधीचं ऐकून घ्या.

चपला आणि कांदे हुंगवायची हौस अजून गेलेली नाही. त्याने काही होत नाही, कुशीवर वळवणं आणि वेळ बघणं जास्त कामाचं. पण मला सांगायचंय ते त्याआधीचं. कॉलेजातली एक मुलगी म्हणायची, पोटातून काहीतरी वर चढत येतं, जळकट वास येतो, आणि समोर चाललंय ते सगळं आधी घडून गेलंय अशी खात्री पटते. आईच्या मते परीक्षेची भीती. पण ही नुसती पूर्वसूचना नसते, तीच छोटी फिट असते, मेंदूच्या एका कोपऱ्यात चाललेली. डॉक्टरांना कोपरा शोधायला याहून चांगला पुरावा नाही. तिने तो वहीत लिहून नेला म्हणून निदान लवकर झालं.

९. हात हलायला लागला म्हणजे हात परत आला असं नाही.

१९३७ साली माँट्रियलच्या पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी, जागं ठेवून केलेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियांतून, कोणत्या अंगाची संवेदना मेंदूत कुठे उमटते याचा नकाशा मांडला. त्यात आख्खी पाठ बारकी आणि हात, ओठ अवाढव्य. मग बोटांची जाणीव जाते तेव्हा मेंदूतला केवढा मुलूख ओस पडतो, बघा. अशा हाताला मुठी वळायला लावणं पुरेसं नाही, त्याला ओळखायला लावावं लागतं. मी तांदळाच्या डब्यात किल्ली, बटण, सुपारी, हळकुंड पुरून ठेवते आणि न बघता शोधायला सांगते. तांदूळ जमला की ज्वारी, मग साबुदाणा. नाणी वापरायचं सोडलं, कारण एक आणि दोन रुपयांची नवी नाणी मला स्वतःला धडधाकट बोटांनी ओळखू येत नाहीत. डब्यातलं धान्य वाया जातं म्हणून कुरकुर होते, त्यासाठी डबा वेगळा ठेवा. सहा महिने झाले, आता काय होणार, असं म्हणून लोक हा सराव सोडतात. माझ्या पाहण्यात त्यानंतरही बोटं शिकत राहतात, सावकाश.

१०. माणूस हलत नाही म्हणून त्याच्यासमोर काहीही बोलू नका. आणि मुंग्या परत आल्या तर घाबरू नका.

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गीयाँ-बारेचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण एकदम वाढले आणि आकडा दोनशेच्या वर गेला, तेव्हा हे नाव घराघरांत पोचलं. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते, पुष्कळदा पोटाच्या एखाद्या संसर्गानंतर. वायरवरचं प्लास्टिक सोलून निघावं तसं नसांवरचं आवरण जातं. काहींत आतली तारही जळते. पावलांत मुंग्या, मग पाय लुळे, मग हात, आणि जोर जास्त असेल तर श्वास.

अशी एक तरुण मुलगी, नर्सिंग शिकणारी, बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होती. डोळ्यांच्या पापण्यांखेरीज फारसं काही हलत नव्हतं, पण सगळं कळत होतं. खाटेपाशी उभं राहून कुणीतरी म्हणालं की हिचं काही खरं नाही, ते तिने ऐकलं. तिला वाटायचं, खाट एका बाजूला कलली आहे आणि आपण घरंगळतोय. कधी वाटायचं, अंगच नाही, नुसतं डोकं तरंगतंय. पाय अवघडल्याने जीव कासावीस व्हायचा आणि ते सांगायला बोट नव्हतं. एक वयस्कर सिस्टर मात्र जाता-येता तिला वार सांगायची, पाय जरासा सरकवून "आता बरं?" विचारायची आणि पापणीच्या उत्तराची वाट बघायची. दोनदा पापणी मिटली म्हणजे अजून थोडं. तिच्यामुळे रात्री निघाल्या, असं ही मुलगी आजही सांगते.

माझ्याकडे ती आली तेव्हा हात सावरले होते, पाय अजून मागे होते. एके दिवशी रडत फोन आला: गुडघ्याखाली मुंग्या, झिणझिण्या, मध्येच करंट मारल्यासारखी कळ. आजार उलटला असं तिला वाटलं. ताकद तपासली, ती कमी झाली नव्हती. डॉक्टरांनाही दाखवून घेतलं. नसा सुधारायला लागल्या की आधी अशाच भांडत येतात. आवरण गेलं असेल तर ते आठवड्या-महिन्यांत भरून येतं. तारच जळली असेल तर ती पुन्हा वाढते, दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर.

हे ऐकल्यावर तिने आईची शिवणकामाची टेप मागवली. मुंग्यांच्या जागेपासून अंगठ्यापर्यंत मोजलं, भागाकार केला आणि म्हणाली, "पुढच्या गणपतीपर्यंत बोटांत यायला हव्यात." मी म्हटलं, अगं, नसा कॅलेंडर बघत नाहीत, मध्ये थांबतात, काही वाटेतच राहतात. "बघू," म्हणाली. तेव्हापासून मुंग्या कुठवर उतरल्या ते ती पायावर पेनाने तारीख घालून लिहिते. आंघोळीत पुसलं जातं म्हणून परवा मार्कर आणलाय.